शिकवलेले शब्द

डॉक्टरीण तिसऱ्या शब्दापर्यंत आली होती आणि चौथा त्याच्याच तोंडून गेला. पाठोपाठ पाचवा. "खिडकी, लिंबू, घोडा," एवढंच ती म्हणाली होती, सावकाश, प्रत्येक शब्दानंतर थांबत, लहान मुलाला घास भरवावा तशी. "चादर, शिट्टी," तो म्हणाला. म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच एखादी गोष्ट हाक मारायच्या आत हजर झाली होती. सकाळी तोंड धुऊन झाल्यावर तो बायकोला 'ते दे' म्हणाला होता, आणि 'ते' म्हणजे काय हे तिने दोनदा विचारूनही टॉवेल हा शब्द त्याला सापडला नव्हता. शेवटी त्याने ओल्या हाताने नुसतं खुंटीकडे बोट दाखवलं, आणि टॉवेल घेताना उगाचच तिच्यावर खेकसला. आता मात्र पाचही शब्द कडक इस्त्रीचे कपडे घालून ओळीने उभे राहिले होते. तो शाबासकीची वाट पाहत डॉक्टरिणीकडे बघत राहिला. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका," ती म्हणाली, "शेवटचे दोन मी अजून सांगितलेच नव्हते."

खोलीत तिघंच होती. तो, डॉक्टरीण, आणि भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्चीवर त्याची बायको. बायकोच्या मांडीवर पर्स होती आणि आल्यापासून ती पर्सची कळ उघडत-मिटत होती. त्याच्या डाव्या कानात वर्षानुवर्षं एक बारीक सूर लागलेला असतो, माणसं निघून गेल्यावरही कुणी बंद न केलेल्या यंत्रासारखा. पर्सची कळ त्या सुरावर टिचक्या मारत होती. ती थांबली. अलीकडे कुणी बोलायचं थांबलं तर त्याला कळत नसे, पण आवाज थांबलेला कळे. सगळी नोकरी त्याने दोन आवाजांच्या मधल्या शांततेत पोरांवर ओरडण्यात घालवली होती.

तोफखान्यात तो उस्ताद होता, म्हणजे नव्या पोरांना तोफ भरायला आणि डागायला शिकवणारा. पुढे त्याचं नावच ते पडलं; सासरचेसुद्धा त्याला उस्ताद म्हणत. लढाई त्याच्या वाट्याला थोडीच आली, सराव मैदान मात्र जन्मभर आलं. लढाईतली तोफ कधीतरी गप्प बसते, सरावातली बसत नाही, कारण पोरांची एक तुकडी गेली की दुसरी येते आणि प्रत्येकाला शिकावंच लागतं. तोफेच्या प्रत्येक बाराला छातीत आतून बुक्की बसायची, दातांवर दात आपटायचे, आणि मग क्षणभर सगळं इतकं स्वच्छ व्हायचं की त्याला ते आवडायचं. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटल्यावर बोलावणं आलं होतं. ज्यांनी स्फोटांजवळ काम केलंय त्यांनी डोक्याची तपासणी करून घ्यावी. बाहेरच्या लांबलचक बोळात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर त्याच्यासारखेच बसले होते, दाढ्या घोटलेले, बूट चकाकणारे, घरच्यांना शेजारी घेऊन आलेले. "डोकं आहे का नाही ते बघतात," जाड मिशांचा एक जण म्हणाला होता, "नसलं तर लगेच परत नोकरीवर घेतात." सगळे हसले, पण थोडे उशिरा, आणि काही जण आधी शेजाऱ्याकडे बघून मग हसले. उस्तादही तसाच हसला होता.

"ही तपासणी आधी कधी झाली होती का?" डॉक्टरिणीने विचारलं.

"झाली होती. नोकरीत असताना. पास झालो होतो."

"हेच शब्द होते?"

ती रागावली नव्हती. उलट तिचा आवाज आणखी मऊ झाला होता, आणि त्याला मऊ आवाजांची धास्ती वाटायची.

"हरकत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरे पाच आहेत."

दुसरे पाच तिने सांगितले आणि त्याने तिच्यामागून नीट म्हटले. मग तिने महिने उलटे म्हणायला लावले. तो डिसेंबरपासून निघून ऑगस्टपर्यंत व्यवस्थित आला आणि तिथून पुन्हा सप्टेंबरकडे वळला. मग पेनच्या टोकामागे डोळे फिरवायला सांगितले, आणि पेन डावीकडे गेलं तसं त्याने खुर्चीची कड धरली. मग एका पायापुढे दुसरा पाय ठेवून, डोळे मिटून उभं राहायचं. पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्याने ताठ उभ्या केल्या, तो आता आधारासाठी हात लांब करत होता आणि भिंत जिथे असायला हवी तिथे नव्हती. बायको उठली. डॉक्टरिणीने तिला हातानेच बसायची खूण केली. "आता मघाचे पाच शब्द सांगा," ती म्हणाली. त्याने आत पाहिलं. तिथे काळोख नव्हता. काळोख असता तर चाचपडता आलं असतं. सामान हलवल्यावर खोलीत राहते तशी नुसती जमीन होती, झाडलेली. बऱ्याच वेळाने त्याला एक शब्द मिळाला. "चादर," तो म्हणाला. ती चादर जुन्यांतली होती.

"काका, ते जुने शब्द तेव्हा कुणी तुमच्याकडून पाठ करून घेतले होते?"

"त्यांच्या नाही लक्षात राहणार ते," बायको म्हणाली. "किती वर्षं झाली त्याला."

प्रश्न त्याला होता. पण त्याला टोचलं ते वेगळंच. बायकोची सवय त्याला ठाऊक होती. तिला काही विचारलं तर ती आधी हातातलं काम संपवायची, घडी घालत असेल तर घडी पुरी करायची, मग मान वर करायची. या घरात पटकन बोलणारा तोच. आणि आत्ता तिचं उत्तर प्रश्नाच्या शेपटीवर पाय ठेवून आलं होतं.

डॉक्टरिणीने पुढे समजावून सांगितलं, अर्धं त्याच्याकडे आणि अर्धं बायकोकडे बघत. डोक्याला एक मोठा धक्का बसला की मेंदूला विश्रांती लागते. ती मिळाली तर पुष्कळदा तो सावरतो. पण सावरायच्या आत त्याला रोज नवे धक्के देत राहिलं, लहान का होईना, तर मग कठीण. त्यासाठीच ती तपासणी असते, ती म्हणाली, माणसाला वेळेवर बाजूला काढण्यासाठी.

"तेव्हा बाजूला काढलं असतं तर?" त्याने विचारलं.

"तर आज तुम्ही कदाचित पाचही शब्द सांगितले असते." तिने टेबलावरची पाण्याची बाटली विनाकारण सरळ केली. "परवा पुन्हा या. मशीनवर डोक्याचा फोटो काढू. आणि घरचं कुणीतरी बरोबर आणा. तुमच्यात काय काय बदललं आणि कधीपासून, हे मला त्यांच्याकडून हवंय."

परतताना बसमध्ये बायको खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. दुकानांच्या पाट्या, उखडलेला पदपथ, एका शिंप्याच्या दारात लटकलेले बिनबाह्यांचे कोट. हल्ली उजेड सोसत नाही म्हणून वापरायचा तो काळा चष्मा त्याने पुन्हा चढवला होता. चष्म्याआड डोळे मिटून तो आठवणीत कंपाउंडरला शोधत होता, आणि कंपाउंडर लगेच सापडला, कारण तो त्या शब्दांच्या पाठीमागेच उभा होता. पलटणीच्या दवाखान्यात तो औषधं द्यायचा, पट्ट्या बांधायचा. त्याचा जिवलग. त्या दिवशी तोफेतून गोळा बाहेर पडता पडताच फुटला होता. उस्ताद मागच्या गाडीच्या फळीवर जाऊन आदळला होता. त्याला आठवतं ते एवढंच की आकाश बाजूला आलं होतं आणि त्याच्या तोंडात मातीची चव होती. मग तो उठला, कानाखालचं ओलं पुसलं आणि म्हणाला, "पुढचा भरा." पोरांनी ती गोष्ट पुढच्या पोरांना सांगितली, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. मग थोडे दिवस घरी रजा, आणि रजेवरून परतल्यावर तपासणी ठरलेली. त्या तपासणीच्या आदल्या दिवशी कंपाउंडर त्याला सामानाच्या तंबूमागे घेऊन गेला. "हे बघ," तो म्हणाला होता, "खिडकीत लिंबू ठेवलंय. खिडकीबाहेर घोडा. घोड्याच्या पाठीवर चादर. आणि घोडेवाला शिट्टी मारतोय. म्हण." त्याने म्हटलं होतं. पुन्हा म्हटलं होतं. जन्मभर त्याने त्या उपकाराची आठवण ठेवली. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांदेखत कंपाउंडरच्या खांद्यावर हात टाकून तो म्हणाला होता, हा नसता तर मी केव्हाच घरी बसलो असतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बायकोने वाजवल्या होत्या का, हे तो आता आठवू पाहत होता.

"उद्या कंपाउंडरकडे जाऊन येतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"सहज."

"मी येते बरोबर. तुम्ही चौकात चुकता."

"नको."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "तो आता बराच थकलाय म्हणतात. त्याला फार त्रास देऊ नका." कोण म्हणतात, हे त्याने विचारलं नाही.

कंपाउंडरचं औषधांचं दुकान दोन मोठ्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उस्ताद तिथे पोचला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. चौकात तो खरंच चुकला होता. जिथे वळायचं तिथे पूर्वी एक पिवळी इमारत होती, ती कुणीतरी निळी केली होती, आणि निळ्या इमारतीपाशी त्याचे पाय थांबले ते थांबलेच. माणसं त्याला वळसा घालून जात होती. रस्ता विसरण्याचं आताशा त्याला फारसं वाटत नसे. वाटायचं ते लोकांच्या वळसा घालण्याचं. शेवटी एका फुलवालीला विचारून तो आला होता. आत काचेची कपाटं, जुन्या पंख्याची घरघर, आणि सगळ्या औषधांचा मिळून होतो तो एकच थंड, कडवट वास. कंपाउंडर अंगाने सुटला होता. चष्मा कपाळावर चढवून तो एका बाईला खोकल्याचं औषध कसं घ्यायचं ते सांगत होता. उस्तादला पाहताच त्याने काउंटरची फळी उचलली आणि त्याला आत घेतलं, स्टुलावर बसवलं, पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं.

"एकटाच आलास?"

"मग काय वरात आणू?"

कंपाउंडर हसला. तसाच हसायचा, खांदे हलवत, आवाज न करता. उस्तादला क्षणभर वाटलं की उठावं आणि जावं, ही दुपार अशीच राहू द्यावी.

"माझी तपासणी झाली काल," तो म्हणाला. "डोक्याची. तुझ्या घोड्याने लाथ मारली. बाईंनी तीनच शब्द सांगितले आणि मी पाच म्हणून बसलो."

"अजून तेच शब्द वापरतात?" कंपाउंडरचे खांदे पुन्हा हलले, आणि मध्येच थांबले. "मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तेव्हा बाजूला काढायला हवं होतं. नंतर इतकी वर्षं मी तोफेजवळ उभं राहायलाच नको होतं." तो थांबला. पुढचं वाक्य त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं आणि ते आता सुटू नये म्हणून तो सावकाश बोलला. "तू मला ते शब्द का शिकवलेस?"

"का म्हणजे? तुझी नोकरी राहावी म्हणून. तूच म्हणाला असशील."

"मी म्हणालो नव्हतो."

हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाकी सगळं वाहून गेलं तरी हे राहिलं होतं. सामानाच्या तंबूमागे तो कंपाउंडर यायच्या आधी ओकत होता. गुडघ्यांवर हात टेकून, डोळे मिटून. त्याला एकच गोष्ट हवी होती, आडवं व्हायची. कुणीतरी अधिकारवाणीने म्हणावं, तुझं झालं, जा आता घरी. उद्याच्या तपासणीत ते म्हणतील अशी त्याला आशा होती, आणि त्या आशेची त्याला लाज वाटत होती. तेवढ्यात पाठीवर हात पडला आणि कंपाउंडर म्हणाला, चल, पाठ कर. त्याला वाटलं, मित्र आपली लाज राखतोय. म्हणून त्याने पाठ केलं.

कंपाउंडर रस्त्याकडे बघत होता. "वहिनींनी तुला काही सांगितलं नाही?" तो म्हणाला.

"काय सांगायचं होतं?"

"नाही सांगितलं म्हणजे." त्याने कपाळावरचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागला. "मला वाटलं, एव्हाना कधीतरी सांगितलं असेल. तुझी पोर मोठी झाली, लग्नाला आली. आता तू हे विचारतोयस म्हणजे…" तो पुसतच राहिला. "तू रजेवर घरी होतास ना, तो गोळा फुटल्यानंतर. मीही सुट्टीवर आलो होतो, तेव्हा वहिनी माझ्या घरी आल्या होत्या. पोर कडेवर. तिचा हात प्लास्टरमध्ये."

"पायरीवरून पडली होती."

"नाही रे."

त्याच्या कानातला सूर एकदम मोठा झाला. पंखा, रस्त्यावरची वाहनं, कंपाउंडरचा आवाज, सगळं त्या सुराच्या पलीकडे गेलं आणि तिथूनच येत राहिलं. दार आपटलं होतं म्हणे वाऱ्याने. आणि तू पोरीला घेऊन खाली पडलास. तिला वाचवायला. तुला वाटलं काहीतरी फुटलं. तिचा हात तुझ्याखाली आला. तुला नंतर काही आठवतच नव्हतं. तूच वहिनींना विचारत होतास, पोरीला काय झालं. वहिनी म्हणाल्या, पायरीवरून पडली.

"आणि मग?"

"मग काय. वहिनी मला म्हणाल्या, त्यांना घरी पाठवू नका. तिथे त्यांना आवरायला माणसं आहेत, माझ्याकडे कोण आहे? नापास झालास तर तुला कायमचं घरी धाडणार, हे त्यांना कळलं होतं. रडल्या नाहीत, काही नाही. उभ्याउभ्याच बोलल्या. मी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत." कंपाउंडरने चष्मा लावला, आणि डोळे चष्म्यामागे मोठे झाले. "मी काय करायला हवं होतं, सांग."

"मला सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू जिवाचं काही बरंवाईट केलं असतंस. वहिनींना तीच भीती होती."

"ते मी ठरवलं असतं."

दुकानात एक माणूस आला आणि डोकेदुखीच्या गोळ्या मागू लागला. कंपाउंडर उठला. कपाटातून गोळ्या काढताना तो त्या माणसाला म्हणाला, "रिकाम्या पोटी घेऊ नका," अगदी काळजीने. उस्तादला त्या काळजीचा भयंकर राग आला. हाच आवाज. तोफा चालू असताना दर संध्याकाळी हाच माणूस त्याला अशाच गोळ्या द्यायचा आणि म्हणायचा, पाणी भरपूर पी. तो जाणत होता. दर संध्याकाळी जाणत होता. उस्तादने फळी उचलली आणि तो निघाला. कंपाउंडर मागून काहीतरी म्हणाला, पण ते डाव्या कानाच्या बाजूने आलं.

रस्त्याने तो भिंतीच्या कडेकडेने चालत होता. मुलीचा डावा हात कोपरातून पुरता सरळ होत नाही. फोटो काढताना ती तो हात मागे नेते. लहानपणी तिला सायकल शिकवताना हँडल सारखं एका बाजूला जायचं आणि तो मागून ओरडायचा, सरळ धर, सरळ. जिना उतरताना तो आजही तिला हटकतो. "पायऱ्या बघून उतर," तो म्हणतो, "एकदा पडून समाधान नाही का झालं?" आणि ती "हो बाबा" म्हणते. प्रत्येक वेळी म्हणते. हे वाक्य तो किती वेळा बोलला असेल, घरात, पाहुण्यांसमोर, तिच्या मैत्रिणींसमोर, कौतुकाने, चेष्टेने, कधी खरंच चिडून. तेव्हा त्या दोघी एकमेकींकडे बघत असतील का? की बघायचंही नाही असं ठरलं होतं? त्याला शब्द शिकवले तसे तिलाही कुणीतरी जवळ बसवून शिकवले असतील. म्हण, पायरीवरून पडले. पुन्हा म्हण. आणि तो पलटणीत असताना फोनवर बायको दर आठवड्याला विचारायची, डोकं दुखतं का हो, चक्कर येते का, तो सुखावायचा. पोरांना सांगायचा, घरून चौकशी असते आपली. ती चौकशी कसली होती? आणखी किती दिवस याला तिकडे ठेवता येईल, याची? हा विचार हलकट होता हे त्याला कळत होतं. तरीही तो विचार निघेना, आणि चालता चालता त्याच्या लक्षात आलं की मोडलेल्या हातापेक्षा त्याला हेच जास्त लागलंय. हात त्याने मोडला होता, मग तो त्याचा होता. त्याची लाज त्याची होती, त्याची शिक्षा त्याची होती. त्या दोघींनी आणि त्या कंपाउंडरने मिळून ती त्याच्याकडून काढून घेतली, आपापसात वाटून घेतली, आणि त्याला त्याच्याच घरात आब राखून पाहुण्यासारखं ठेवलं. त्याच्यावर रागवायचीसुद्धा त्यांनी तसदी घेतली नव्हती.

घरी पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. मुलगी ऑफिसातून आली होती. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शेंगा सोलत होती आणि बायको भांडी विसळत होती. त्याच्या येण्याने दोघींचं बोलणं थांबलं असावं, किंवा बोलणं नव्हतंच. "बाबा, घामाघूम झालात," मुलगी म्हणाली. तो तिच्यासमोर बसला. सोलताना तिचा डावा हात टेबलाच्या कडेला टेकलेला होता, कोपरात थोडा वाकलेला. एखादी सवय असावी तसा.

"हा हात कशाने मोडला होता गं तुझा?" त्याने विचारलं.

"पायरीवरून पडले होते ना," ती म्हणाली. शेंगा सोलता सोलता, मान वर न करता. तिच्या आवाजात खोटेपणाचा मागमूसही नव्हता. खोटं इतकं जुनं झालं की त्याला वास येत नाही. "विसरलात का? तुम्हीच तर सारखं म्हणता."

"मी कंपाउंडरकडे गेलो होतो."

बायकोने नळ बंद केला. पाठमोरीच उभी राहिली. मुलीने हातातली शेंग खाली ठेवली, आईच्या पाठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती दिसेल अशी त्याची अपेक्षा होती, पण तिथे नुसता थकवा होता, बरंच अंतर एक जड वस्तू हातात धरून आल्यासारखा.

"उद्या तपासणीला मी एकटा जाणार," तो म्हणाला. "माझं मी सांगेन त्या बाईंना."

"काय सांगणार?" बायको पाठमोरीच म्हणाली. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्हाला आठवतंय?"

तो मुलीकडे वळला. "मग तू चल. तू सांग."

"मला नाही आठवत बाबा," मुलगी म्हणाली. "मी किती लहान होते. आईने मला नंतर सांगितलं, मोठी झाल्यावर. मला फक्त तुमच्या शर्टाचा वास आठवतो. आणि तोही खराच आठवतो की सांगितल्यामुळे, मला माहीत नाही."

म्हणजे आठवणारी बायको एकटीच होती. सबंध जगात ती दुपार एकाच माणसाजवळ होती, आणि ते माणूस त्याच्याकडे पाठ करून ओले हात झटकत होतं. त्याला उठून ओरडावंसं वाटलं, भांडं फेकावंसं वाटलं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. या हातांचा भरवसा त्याला आजपासून राहिला नव्हता.

"इकडे ये," तो म्हणाला. "बस. मला सांग."

"आता कशाला?"

"सांग. मी मध्ये बोलणार नाही."

ती आली. पदराला हात पुसून त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली. टेबलावरच्या शेंगा बाजूला सारून तिने सांगायला सुरुवात केली. दुपार होती. वारा सुटला होता. तुम्ही पलंगावर पडला होतात, ही खाली खेळत होती. मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. दार आपटलेलं मला वरपर्यंत ऐकू आलं. खाली आले तर तुम्ही हिला पलंगाखाली ओढून तिच्यावर पालथे पडला होतात. ही रडत होती, म्हणून तुम्ही तिच्या तोंडावर हात दाबला होतात. मी तुम्हाला ओढत होते. तुम्ही मलाच ओरडत होतात, खाली पडून राहा, उठू नकोस. हिचा हात तुमच्या गुडघ्याखाली होता.

ती कुठेही अडखळली नाही. मनातल्या मनात तिने हे पुष्कळदा म्हटलेलं असावं. तो ऐकत होता आणि आत काहीतरी हलेल याची वाट पाहत होता. पलंग त्याला आठवला, त्याचे लोखंडी पाय, गच्चीचा जिना. त्या पलंगाखाली मात्र कुणीच नव्हतं. एखाद्या परक्या, आडदांड माणसाची हकिगत ऐकावी तशी तो ती ऐकत होता आणि त्या माणसाला मारावं असं त्याला वाटत होतं.

"मग वारा पडला," बायको म्हणाली. "तुम्ही उठलात."

"आणि मग मी काय केलं?"

ती थांबली. इतका वेळ सरळ चाललेली ती इथे पहिल्यांदाच थांबली. तिने मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मग तुम्ही हिला उचललंत," ती म्हणाली. "हिच्या हाताला हिसका बसू नये म्हणून छातीशी अगदी अलगद धरलंत आणि दवाखान्यापर्यंत तसेच चालत गेलात. मी घेते म्हटलं तरी माझ्याकडे दिली नाहीत."

मुलगी आईकडे टक लावून बघत होती. हे तिनेही आधी ऐकलं होतं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. उस्तादने बायकोच्या डोळ्यांत पाहिलं, बराच वेळ. तिने नजर हलवली नाही. हे घडलं होतं, की तिने आत्ता, या खुर्चीवर बसून, त्याच्यासाठी रचलं होतं? विचारायला तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.